स्प्रिंग कडक की व्हॉल्व्ह हलका?

आजचा अख्खा रविवार कोल्हापुरात अण्णांच्या गॅरेजात गेला. गेल्या ड्रॅग रेसला बाईक तिसऱ्या गिअरात 12,000 आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) जवळ फडफडली आणि ताकदच गेली. इंजिनाचं हेड उघडलं, तर पिस्टनवर नखाएवढी चंद्रकोर. व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाची झडप, त्याला टेकला होता.

मी म्हटलं, व्हॉल्व्ह बंद करणारी स्प्रिंग सगळ्यात कडक टाकू. अण्णा हसले. "टाक की. मग कॅम खाईल ती." कॅम म्हणजे व्हॉल्व्ह ढकलून उघडणारा भाग.

माझं इंजिन फोर-स्ट्रोक, त्यात एकेक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे 12,000ला सेकंदाला 100 वेळा उघडतो. बंद होताना स्प्रिंग मागे पडली की व्हॉल्व्ह वेळेत न मिटता तरंगतो आणि पिस्टनला टेकतो. म्हणून आधी वजन उतरवायचं: टायटॅनियमचा व्हॉल्व्ह स्टीलपेक्षा साधारण 40 टक्के हलका, पण किंमत विचारून मी गप्प चहा प्यायलो. रिटेनर (स्प्रिंग धरणाऱ्या टोप्या) तेवढे टायटॅनियमचे घेतले.

मग अण्णांनी ड्रिल मशीनखाली घरचा वजनकाटा ठेवून नव्या स्प्रिंगा एकेक दाबल्या. चारातली एक दोन किलोनं मऊ! सीलबंद पाकिटातली, बरं का. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना भिडत नाहीत ना, तेही फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघितलं. पाकिटातनं काढून थेट बसवणारा मीच होतो गेल्या वेळी.

शेजारचा यामाहा आरएक्सवाला हे सगळं बघत शेंगदाणे खात होता. त्याच्या टू-स्ट्रोकला ना कॅम, ना स्प्रिंग.