नोकरी सोडू का नको : चाकणची टूलरूम ते भोसरीचा गाळा, माझा अनुभव

चाकणला एका ऑटो कंपोनंटवाल्या कंपनीत टूलरूमला (मशीनला लागणारी साधनं बनवायचा आणि दुरुस्त करायचा विभाग) 14 वर्षं काढली, डिप्लोमा मेकॅनिकल, शेवटी टूलरूम इंचार्ज होतो. आता भोसरीत स्वतःचं फिक्स्चर (मशीनिंगच्या वेळी जॉब, म्हणजे घडवायचा पार्ट, पक्का धरून ठेवणारी चौकट) आणि गेजचं (माप तपासायची साधनं) काम करतो. ओळखीतले बरेच जण विचारतात की आम्ही पण विचार करतोय, तू कसं ठरवलंस, आणि फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. मशीन शॉपच्या धंद्याबद्दलच बोलेन, मला तेवढंच कळतं.

नोकरीला कंटाळलो वगैरे नव्हतो. हातात 62 हजार यायचे, कंपनीची बस, कँटीन, साहेब चांगले. पण आमच्याकडे बाहेरच्या व्हेंडरकडून जी फिक्स्चर यायची ती बघून मला रात्री घरी आल्यावर पण चैन पडायचं नाही. लोकेटिंगला, म्हणजे जॉब जागेवर बसवायला, एक गोल पिन आणि एक डायमंड पिन (बाजूंनी कापलेली, थोडा फरक सामावून घेणारी) हवी तिथे दोन्ही गोल टाकलेल्या, मग कास्टिंगचा (ओतीव पार्टचा) सेंटर डिस्टन्स, म्हणजे भोकांमधलं अंतर, जरा इकडेतिकडे झाला की ऑपरेटर हातोडीने जॉब बसवणार. क्लॅम्प रेस्ट पॅडच्या (जॉब टेकतो त्या आधाराच्या) बरोबर वर यायच्या ऐवजी मधे अधांतरी, म्हणजे टाइट केलं की जॉब वाकतो, मशीनिंग होऊन क्लॅम्प सोडला की सरळ होतो आणि फ्लॅटनेस (सपाटपणा) गेला. चिप साफ करायला हात जात नाही, एअर गन पोचत नाही. हे सगळं परत आम्हीच टूलरूममध्ये दुरुस्त करायचो आणि रिजेक्शनची बोलणी बिचारा ऑपरेटर खायचा. हे काम आपण नीट करू शकतो हे मला मनापासून वाटत होतं, आणि अजून वाटतं.

तरी सुरुवातीला डोक्यात आलं ते व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) घेऊन जॉबवर्कचंच. भोसरीत शेजारीपाजारी सगळे तेच करतात, मशीन घ्यायचं, गाळा भाड्याने घ्यायचा, कंपनीकडून कास्टिंग आणायचं, तासाच्या रेटने मशीनिंग करून द्यायचं. तर मी वहीत हिशोब मांडला आणि तो इथे तसाच देतो. सेकंडहँड मशीन, व्हाइस, कॉलेट, कंप्रेसर, स्टॅबिलायझर धरून 17 लाख, त्यातलं 12 लाख कर्ज, पाच वर्षं, म्हणजे हप्ता 26 हजार. गाळा 18 हजार. लाइट बिल 25. दोन शिफ्टला दोन ऑपरेटर 42. इन्सर्ट, कूलंट, ऑइल 12, टेम्पो 5, सीएचे 2. एकूण 1 लाख 30 हजार. आता कमाई. दोन शिफ्ट म्हटलं की लोक वीस तास धरतात, पण सेटिंग, टूल चेंज, पहिला पीस क्वालिटीकडून ओके होईपर्यंत थांबणं, हे सगळं वजा केलं तर चौदा तास खरे मिळतात. गुरुवारी आपल्याकडे एमआयडीसीची लाइट बंद, त्यामुळे महिन्याचे पंचवीस दिवससुद्धा ओढून ताणूनच. चौदा गुणिले पंचवीस म्हणजे साडेतीनशे तास, 400 रुपये रेटने 1 लाख 40 हजार. हातात राहिले दहा हजार, ते पण एकही जॉब रिजेक्ट झाला नाही आणि डेबिट नोट (खराब मालाचे पैसे बिलातून कापल्याचा कागद) आली नाही तर. स्वतः एक शिफ्ट मशीनवर उभं राहिलं तर तीसेक हजार.

म्हणजे 62 सोडून 30 साठी आणि डोक्यावर 12 लाखाचं कर्ज घेऊन. एका मशीनवर जॉबवर्क करून लोक कसे टिकतात तर घरचे दोघं तिघं स्वतः मशीनवर असतात म्हणून टिकतात, आणि त्यांच्या कष्टाबद्दल मला फार आदर आहे. पण माझ्या घरात मी एकटाच.

गाळा बघायला पण खूप फिरलो. जे ब्लॉक, एस ब्लॉक, टी ब्लॉक, पेठ क्रमांक 7 आणि 10, तळवडे. चिखली कुदळवाडीकडे भाडं कमी होतं असं सगळे सांगायचे, पण 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली, त्यात गोदामांबरोबर छोटी वर्कशॉप पण गेली. भाडं भरणाऱ्या माणसाची काय चूक, पण मशीन उचलून रस्त्यावर आणायची वेळ त्याच्यावरच आली ना. त्यामुळे गाळा बघताना भाड्याच्या आधी कागद बघा, एमआयडीसीचा प्लॉट असेल तर मूळ मालकाने पोटभाड्याने द्यायची परवानगी घेतलीय का ते विचारा, आणि लाइटचा सँक्शन लोड (मंजूर वीजभार) किती आहे ते बिलावर स्वतः वाचा.

सरकारी योजनांसाठी शिवाजीनगरला जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन आलो. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) मध्ये उत्पादनाच्या प्रोजेक्टला 50 लाख आणि सेवेला 20 लाखाची मर्यादा आहे, ओपन कॅटेगरीला शहरात 15 टक्के सबसिडी, ग्रामीणमध्ये 25, महिला आणि राखीव वगैरेंना त्याहून जास्त म्हणजे 25 आणि 35. राज्याची पण अशीच एक योजना आहे, सीएमईजीपी (मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम), 2019 पासून, तिच्या मर्यादा वेगळ्या विचारा. योजना चांगल्या आहेत, पण एक गोष्ट नीट समजून घ्या की सबसिडी हातात येत नाही, ती बँकेत तीन वर्षं तुमच्या कर्जासमोर ठेवतात आणि युनिट चालू असेल तर मग कर्जात वळती होते. म्हणजे पहिल्या वर्षाच्या तंगीत तिचा उपयोग शून्य. आणि तंगी पहिल्याच वर्षी असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पेमेंट. हे नोकरीत असताना कळत नाही कारण सात तारखेला पगार जमा होतोच. धंद्यात 5 जूनला माल दिला, त्यांनी जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केला 12 ला, बिल अकाउंट्सला गेलं महिनाअखेरीस, आणि तिथून 45 दिवस, म्हणजे पैसे ऑगस्टच्या मध्यावर. तोपर्यंत दोन पगार, दोन भाडी, दोन लाइट बिलं गेली. कायदा आपल्या बाजूने आहे. एमएसएमईडी कायदा 2006 चा, सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज. वर इन्कम टॅक्सचा नियम आलाय (1961 च्या कायद्यात तो 43बी(एच) होता), वेळेत दिलं नाही तर ज्या वर्षी प्रत्यक्ष देतील त्याच वर्षी तो खर्च धरला जातो, त्यामुळे मार्च जवळ आला की कंपन्यांचे अकाउंट्सवाले स्वतःहून उद्यम सर्टिफिकेट (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) मागतात. उद्यम रजिस्ट्रेशन फुकट आहे, आधार आणि पॅनवर होतं, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. पण नवीन व्हेंडर कंपनीवर तक्रार टाकणार का, तर नाही टाकणार, दुसरी ऑर्डर हवी असते. म्हणून 45 दिवस कायद्यात असले तरी मी हिशोब 75 दिवसांचाच धरला.

हे सगळं घेऊन मी भोसरीतल्या एका जुन्या माणसाकडे गेलो, आमचे आधीचे व्हेंडर, तीस वर्षं शॉप चालवतायत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. त्यांनी वही बघितली आणि म्हणाले, "अरे तुला फिक्स्चर करायचीत ना, मग मशीन कशाला घेतोस? भोसरीत मशीन कमी आहेत का?" मला तिथेच सगळं लख्ख दिसलं. खरंच आहे, एका दीड किलोमीटरच्या आत व्हीएमसी, वायरकट, सरफेस ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंट, ब्लॅकोडायझिंग, सगळं बाहेरून करून मिळतं आणि निम्म्या मशीन कामाची वाट बघत उभ्या असतात. माझ्याकडे जे आहे ते डिझाइन, असेंब्ली आणि ट्रायलला ऑपरेटरबरोबर उभं राहणं. त्याला लॅपटॉप, ग्रॅनाइट सरफेस प्लेट, हाइट गेज, डायल, ड्रिल मशीन आणि छोटा गाळा पुरतो. 17 लाखाचं काम साडेतीनवर आलं. आणि जॉबवर्कला तासाचा रेट कंपनी सांगते, फिक्स्चरला कोटेशन आपण देतो आणि पीओबरोबर (खरेदीच्या लेखी ऑर्डरबरोबर) 30 ते 40 टक्के ॲडव्हान्स मागायची पद्धत आहे, ते मागताना कोणी वाईट वाटून घेत नाही.

मग घरी बोललो. बायको पतसंस्थेत आहे, तिला 18 हजार मिळतात. तिने एकच विचारलं, "अहो, तुमचा पगार आला नाही तर आपलं किती महिने चालेल ते आकड्यात सांगा." बसून काढलं, मोशीच्या फ्लॅटचा हप्ता, मुलाची फी, गावी आईवडिलांना पाठवायचे, सगळं धरून कमीत कमी 48 हजार, म्हणजे दरमहा 30 कमी पडणार. दहा महिन्यांचे तीन लाख तिने वेगळ्या एफडीत ठेवले आणि अट घातली की याला धंद्यासाठी हात लावायचा नाही आणि हे संपत आले आणि ऑर्डर नसेल तर परत नोकरी शोधायची, मग वाद घालायचा नाही. या अटीमुळे मला उलट मोकळं वाटलं. कऱ्हाडहून वडील रोज फोन करायचे, "पोराची फी कुठनं भरणार ते आधी सांग." त्यांना पण हाच आकडा सांगितला, तेव्हा जरा शांत झाले.

राजीनाम्याच्या आधी काही गोष्टी करून घ्याच. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील होते, वडिलांना बीपी आणि शुगर, नोकरी गेली की ते कव्हर गेलं. नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, म्हणून मी नोकरीत असतानाच वेगळी पॉलिसी काढली. क्रेडिट कार्ड, टॉपअप लोन काही लागणार असेल तर सॅलरी स्लिप आहे तोवरच घ्या, नंतर बँक दोन तीन वर्षांचे रिटर्न मागते. ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या वर मिळते, बेसिक अधिक डीएला 15/26 ने गुणून परत वर्षांनी गुणायचं, माझं बेसिक 30 हजार, 14 वर्षं, आले 2 लाख 42 हजार, तोच माझ्या भांडवलाचा मोठा भाग झाला. पीएफला हात लावला नाही. पेन्शनची दहा वर्षं झाली होती ती तशीच ठेवली, 58 ला मिळेल.

आणि हे कळकळीने सांगतो, नोकरीत असताना चोरून धंदा करू नका, कंपनीचं एकही ड्रॉइंग पेन ड्राइव्हवर घेऊन बाहेर पडू नका. भोसरी चाकण दिसायला मोठं आहे पण सगळे सगळ्यांना ओळखतात. नोकरी सोडल्यावर तोच व्यवसाय करू नये अशी अट आपल्या करार कायद्याच्या कलम 27 मुळे साधारण टिकत नाही, पण गोपनीय माहिती नेणं हे वेगळं प्रकरण आहे. मी साहेबांना स्वतः जाऊन सगळं सांगितलं, नोटीस पिरियड पूर्ण केला, ज्युनिअरला हँडओव्हर दिला.

पहिली ऑर्डर यायला वेळ लागला. आधी नुसतं व्हेंडर कोड (कंपनीच्या पुरवठादारांच्या यादीतला नंबर) उघडायलाच वेळ जातो. मालाच्या धंद्याला 40 लाखांपर्यंत जीएसटी घेतला नाही तरी चालतं, पण त्याशिवाय कंपन्या कोडच देत नाहीत, त्यामुळे घ्यावाच लागतो. मग तळेगावच्या एका कंपनीचं ब्रॅकेटचं मिलिंग फिक्स्चर मिळालं, 1 लाख 10 हजार. ॲडव्हान्स 44 हजार. मटेरियल 18, बाहेरचं व्हीएमसी आणि ग्राइंडिंग 27, क्लॅम्प 9, हार्डनिंग 3, म्हणजे 57 खर्च, वरचे तेरा खिशातून. ट्रायलची कास्टिंग चलनावर आली, एक्साइज जाऊन इतकी वर्षं झाली तरी सगळे त्याला अजून 57 एफ 4 च (जुन्या एक्साइज नियमाचा नंबर) म्हणतात. ट्रायलला त्यांच्या ऑपरेटरने जॉब टाकला, हाताने, ठोकावं लागलं नाही, क्लॅम्प सोडल्यावर डायल फिरवला तर फ्लॅटनेस ड्रॉइंगच्या आत. तो ऑपरेटर फक्त "बसतंय की नीट" म्हणाला आणि पुढचा जॉब उचलला. बॅलन्स मात्र 68 दिवसांनी आला.

आता नववा महिना चालू आहे. एफडीतले एक लाख चाळीस हजार खर्च झालेत, गेल्या तीन महिन्यांत त्याला हात लावायची गरज पडली नाही, पण पगाराइतके अजून सुटत नाहीत. एक सेकंडहँड एमवनटीआर मिलिंग मशीन घेतलं, छोट्या ऑपरेशनसाठी बाहेर पळावं लागत होतं म्हणून. व्हीएमसीचं लोक रोज विचारतात. बाहेरच्या व्हीएमसीचं माझं बिल सलग सहा महिने लाखाच्या वर गेलं तरच कोटेशन मागवायचं असं ठरवलंय, गेल्या महिन्यात ते 38 हजार होतं.