नॅरोबोट घेऊन समुद्रात : बॉस्टन ते विझबीच, द वॉश पार करताना

नॅरोबोट म्हणजे इंग्लंडच्या कालव्यांतली अरुंद, लांब बोट. ती समुद्रात न्यायची म्हटलं की एकतर लोक वेड्यात काढतात, नाहीतर "काही होत नाही, जा बिनधास्त" म्हणतात. आम्ही गेल्या महिन्यात जाऊन आलो आणि मला वाटतं दोघंही चुकतात. बोट बुडायची भीती सगळ्यांना वाटते, पण खरी काळजी इंजिन बंद पडण्याची करायला हवी, म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

बोट माझ्या मामेभावाची, दादा आणि वहिनी वर्षभर तिच्यावरच राहतात. ५० फूट लांब, ६ फूट १० इंच रुंद, तळ सपाट, पाण्याखाली जेमतेम दोन फूट. इंग्लंडच्या पूर्वेला, बॉस्टनच्या विदम नदीतून विझबीचच्या नीन नदीत जायचं होतं. आतल्या आत जायचं तर ट्रेंट, मग कालव्यांनी पार नॉर्दॅम्प्टनपर्यंत खाली आणि तिथून नीन पकडायची, म्हणजे काही आठवड्यांचा वळसा. बॉस्टनहून द वॉश या समुद्राच्या आखातातून गेलं तर एका ओहोटी-भरतीत काम होतं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. बोट कुठल्या पाण्यासाठी बनवली त्याच्या वर्गवारीत अशा बोटी साधारण डी कॅटेगरीत येतात, म्हणजे वारा फोर्स ४ (मध्यम वारा) पर्यंत आणि लाट ०.३ मीटर, फार तर अधूनमधून अर्धा मीटर. किनाऱ्याजवळच्या समुद्रासाठी सी कॅटेगरी असते, तिला २ मीटरपर्यंत लाट चालते. केवढा फरक आहे बघा. त्यामुळे पायलट, म्हणजे तिथलं पाणी माहीत असलेला वाटाड्या, घ्याच, आणि इन्शुरन्सवाल्यांना आधी फोन करून समुद्राच्या प्रवासाचं कव्हर लेखी घ्या, कारण कालव्याच्या पॉलिसीत ते बहुतेक वेळा नसतंच. आमचा पायलट या पाण्यात वर्षानुवर्षं बोटी नेणारा माणूस, त्याने दोन दिवस आम्हाला नुसतं थांबवून ठेवलं. वॉशचं तोंड ईशान्येला उत्तर समुद्राकडे उघडं आहे, तिकडून वारा असेल तर तो निघतच नाही. दादाची सुट्टी संपत आली होती तरी कुणी घाई केली नाही, आणि तुम्हीही करू नका, तारीख ठरवून हा प्रवास होत नाही. दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते, बघा, उधाणाला पाण्याची ओढ फार असते.

तयारीत आमचे दोन दिवस गेले. पुढच्या दाराखालचे व्हेंट (हवेचे झरोके) पाण्यापासून फार उंच नसतात, ते प्लायवूड आणि टेपने बंद केले. वीड हॅचचं, म्हणजे पंख्यात अडकलेलं गवत काढायच्या भोकाचं, झाकण कसून बसवलं, ते सैल राहिलं तर बोट ढकलणाऱ्या पंख्याने (प्रोपेलरने) उडवलेलं पाणी थेट इंजिनखोलीत येतं. छपरावरच्या सायकली, कुंड्या, लाकडं सगळं आत घेऊन जमिनीवर ठेवलं, कपाटांची दारं दोरीने बांधली, गॅस सिलिंडरवरूनच बंद केला. अँकर आधीच साखळी-दोरासकट पुढे मजबूत कडीला बांधून ठेवा, ऐनवेळी शोधायला वेळ नसतो. लाइफजॅकेट घालूनच बसायचं. व्हीएचएफ रेडिओ (बोटींचा वायरलेस) चॅनल १६ वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनलवर, आणि तो वापरायचं लायसन्स असलेला एकजण बोटीवर हवा.

आता डिझेल. कालव्यात बोट संथ चालते, टाकीच्या तळाशी पाणी आणि काळा गाळ वर्षानुवर्षं शांत बसलेला असतो. समुद्रात टाकी हलली की तो वर येतो आणि फिल्टर चोंदतो. हे आम्ही ऐकलं होतं, म्हणून तळाचं पाणी काढलं, नवा फिल्टर बसवला, दोन स्पेअर घेतले आणि वाटलं झालं. टाकी पूर्ण रिकामी करून धुवायची मात्र राहिली, ती आमची चूक.

बॉस्टनला ग्रँड स्लूसमधून निघालो. हे लॉक (दोन दरवाजांमधला, पाण्याची पातळी बदलून बोट पार करायचा हौद) १७६६ चं, लांबीला कमी, त्यामुळे लांब बोटी आतलं-बाहेरचं पाणी एका पातळीला आलं की सरळ पार काढतात. ओहोटीबरोबर हेवनमधून, म्हणजे बॉस्टनपासून समुद्रापर्यंतच्या नदीच्या पात्रातून, खाली जाताना सगळं छान, मागे सेंट बोटॉल्फ चर्चचा उंच मनोरा कितीतरी वेळ दिसत राहतो. बाहेर आलो आणि अंदाजात नसलेला ईशान्येचा वारा उठला. फार नाही, फोर्स ३ असेल, पण ओहोटीचं पाणी बाहेर जाणारं आणि वारा समोरून, की लाटा आखूड आणि उभ्या होतात. बोटीचं नाक दाणकन आपटायचं, पाणी पुढच्या डेकवर, आणि जरा कुशीवर लाट आली की अशी डोलायची की आतून सगळ्या भांड्यांचा आवाज. पायलट सरळ जातच नव्हता, लाट तिरकी घेत नागमोडी नेत होता.

वीसेक मिनिटांनी इंजिनाचा आवाज खाली गेला, परत चढला, परत गेला. पायलटने लगेच अँकर टाकायला सांगितलं. तो धरेपर्यंत बोट आडवी झाली आणि तेवढ्यात एका कपाटाची दोरी सुटून निम्म्या ताटल्या फुटल्या. अँकर धरला की मात्र नाक लाटेकडे वळलं आणि डोलणं कमी झालं. दादा खाली वाकून फिल्टर काढत होता, मी टॉर्च धरलेला, फिल्टरच्या वाटीत खाली काळी जेली, बोटाने उचलता येईल अशी. नवा बसवला, हवा काढली, इंजिन लागलं. बारा मिनिटं गेली. दादाने घरी दोनदा सराव केला होता म्हणून बारा, नाहीतर हलत्या बोटीत डिझेलच्या वासात हे काम पहिल्यांदा करणं कठीण आहे. जाणाऱ्याने दोन फिल्टर आणि मध्ये कॉक अशी जोडणी करून घ्यावी, एक चोंदला तर चालू इंजिनात दुसऱ्यावर जाता येतं.

पुढे पायलटने बोट मुद्दाम वाळूच्या पट्ट्यावर बसवली, कारण नीनमध्ये शिरायला भरती लागते. पाणी ओसरलं आणि बोट तिथेच सरळ उभी, सपाट तळाचा हा फायदा. आम्ही खाली उतरून पंखा, सुकाणू बघून घेतलं. लांब पट्ट्यावर सील पहुडलेले, त्यांच्या जवळ जाऊ नका. वहिनी कितीतरी वेळ गप्प उभी होती, चारी बाजूला ओली वाळू आणि मध्ये आपलं घर! भरती परतताना पाच-सात मिनिटं तळ वाळूवर धपधप आपटतो, तेवढं सोसावं लागतं.

आत जाताना वारा मागून. मागची लाट बोटीचं शेपूट उचलते आणि सुकाणू क्षणभर हलकं पडतं, तेव्हा टिलर (सुकाणूचा दांडा) दोन्ही हातांनी धरा. नीनच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन जुने दीपगृहासारखे मनोरे आहेत, त्यांच्यामधून गेलं की पाणी शांत. विझबीचला भरतीची ओढ जोरात होती, म्हणून आधी बोट वळवून नाक ओढीकडे केलं आणि मग पाँटूनला (तरंगत्या धक्क्याला) लावली. निघाल्यापासून नऊ तास झाले होते.

पोचल्यावर सगळे थकलेले आणि गारठलेले असतात, पहिला हात स्टोव्हकडे जातो. त्याआधी व्हेंटवरची सगळी टेप काढा, बंद बोटीत शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. आम्ही स्टोव्हच्या दारावरच चिठ्ठी चिकटवून ठेवली होती, "आधी टेप".