रिकामी जमीन

आमच्याकडं वास्तुशांतीला आलेली माणसं आधी फरशी बघतात, मग पीओपी, मग किचनचा ओटा. नंतर सोफ्यावर टेकून "हॉल मोठा काढला बरं का" असं म्हणतात. हॉल मोठा असतोच. पण त्यात सोफा, टीपॉय, शोकेस आणि आहेरात आलेली ती भलीमोठी फुलदाणी एवढं मांडलं की लेकरांनी कुठं बसायचं, हा प्रश्न उरतो. मग दिवसभर एकच जप चालतो: उड्या मारू नको, काचेला हात लावू नको, पाव्हणे येणारेत. पाव्हणे कधीतरी येतात आणि चहा घेऊन जातात. लेकरं मात्र दिवसभर तिथंच असतात.

लेकरांच्या घरात पहिली सोय कुठली, असं कुणी विचारलं तर मी रिकामी जमीन सांगेन. खेळण्यांचं कपाट, कार्टूनचे पडदे, कारच्या आकाराचा पलंग वगैरे नंतर.

आमच्या आतल्या दोन खोल्यांत अजून शहाबादी आहे. शहाबाद आता कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात; पण निजामाच्या राज्यात तिकडचे आणि आपण एकाच मुलखातले. लातूर, धाराशिवकडं ही फरशी घरोघर दिसते. दिसायला राखाडी, ओबडधोबड, घरभरणीच्या फोटोत मिरवण्यासारखी अजिबात नाही. पण मे महिन्याच्या दुपारी धाकटा बनियन काढून तिच्यावर पालथा पडतो, गाल टेकवतो, आणि अंगाखालची जागा तापली की दोन फरश्या सरकून परत पडतो. त्याची उन्हाळ्याची सुट्टी अशी इंचाइंचानं खोलीभर फिरते. दगड चुनखडीचा, त्यामुळं लिंबू सरबत सांडून तसंच राहिलं की पांढरट डाग पडतो आणि पुसून जात नाही. आमच्याकडं असे डाग भरपूर आहेत. थोरलीनं त्यातल्या एकाला बेडूक ठरवलंय. समोरच्या खोलीत हौसेनं बसवलेली चकचकीत टाईल मात्र न्हाणीतून ओल्या पायानं धावत आलेल्या लेकराला सरळ आडवं करते. तिथं आता जाड सतरंजी असते.

जुन्या माळवदाच्या घरांत ही सोय आपोआप होती, असं म्हणायचा मोह होतो. गार खोल्या, जाड भिंती, भिंतीत कोनाडे, आणि खालचा कोनाडा बरोबर लेकराच्या हाताच्या उंचीवर. गोट्या, चिंचोके, मोडकी पेन्सिल, सगळं त्यात. पण किल्लारीच्या बाजूला ते गोडवे फार वेळ गाता येत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात त्याच दगडमातीच्या भिंती आणि मातीचं जड छत झोपलेल्या माणसांवर आलं. त्यामुळं माळवद परत नको. कोनाडा तेवढा आम्ही उचलला: खालच्या फळीवर लेकरांचं सामान, वरच्यावर औषधं, फिनेल, काडीपेटी. फळ्या भिंतीला स्क्रूनं पक्क्या केल्यात, कारण लेकरू फळीला शिडीच समजतं.

पाण्याचं मात्र वेगळं बघावं लागतं. इथं नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरात टाक्या, ड्रम, बादल्या भरून ठेवायची सवय. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून तर रिकामी बादली दिसली की जीव घाबरतो. पण रांगतं लेकरू वीतभर पाण्यातही बुडू शकतं, वाकून बघताना तोल गेला की त्याला परत उभं राहता येत नाही. आमच्या ड्रमाला म्हणून घट्ट फिरकीचं झाकण आहे, आणि न्हाणीची कडी आतून लेकराच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचीवर. ती खाली होती तेव्हा थोरली आत कोंडली गेली होती. आत्याबाई दाराबाहेर बसून तिला गोष्ट सांगत होत्या आणि आतून हुंकार येत होते.

कूलरपुढं तोंड नेऊन "आऽऽ" करणं आणि थरथरता आवाज ऐकून हसणं हा लेकरांचा उन्हाळी उद्योग. त्याला बंदी घालून उपयोग नाही, पत्र्याचा कूलर आणि ओले हात यांची गाठ पडणारच. अर्थिंग तपासून घ्यावं, करंट गळाला की लाईन तोडणारं स्विच बसवावं, आणि पाणी भरताना प्लग काढावा. पीओपीच्या खर्चापुढं हे काहीच नाही. तरी लोक पीओपीच करतात.

आमच्या हॉलमध्ये दिवाण भिंतीला लावलाय, मधली जागा मोकळी. "असा पसारा बघून लोकं काय म्हणतील?" असं मी एकदा म्हटलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "लेकरं हायत म्हणतील, आणि काय म्हणतील?" गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या ठेवल्यात. एक आत्याबाईंची कायमची. दुसरीची सध्या लातूर-निलंगा एसटी झालीय, त्यामुळं पाव्हणे आले की आधी प्रवासी उतरवावे लागतात.