ग्लेंडॅम्बो ते कूबर पेडी

आज दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ग्लेंडॅम्बोला टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली, कारण पुढे जवळजवळ २५० किलोमीटर पेट्रोल नाही. गावाच्या पाटीवर लोकसंख्या लिहिलीय: मेंढ्या २२,५००, माश्या २० लाख, माणसं ३०. माश्यांचा आकडा मला तरी कमीच वाटला. दार उघडायचा अवकाश, पन्नासेक आत.

स्टुअर्ट हायवे म्हणजे पट्टीनं मारलेली रेघ. सुरुवातीला नवरा गाणी लावत होता, मी लाल माती बघत होते. तासाभरानं दोघंही गप्प. मग समोरून रोड ट्रेन आली. एका ट्रकमागे जोडलेले तीन ट्रेलर, लांबी पन्नासेक मीटर! बाजूनं गेली तेव्हा आमची गाडी चक्क हलली. "आई गं" मी ओरडले की तो, यावर अजून एकमत नाही.

कूबर पेडीत १९१५ साली चौदा वर्षांच्या एका पोराला ओपल नावाचं रत्न सापडलं, तेव्हापासून लोक जमीन उकरतायत. उन्हाळा इतका भाजतो की कित्येकांनी घरंही जमिनीखालीच केलीत. आमचीही खोली तसलीच. भिंतीवर खोदयंत्राचे गोल गोल ओरखडे, हात लावला तर गार. खिडकी नाही. छतातून हवेसाठी एक पाईप वर गेलाय, बस्स.

दिवा घालवल्यावर डोळे उघडे आहेत की मिटलेत तेच कळेना. नवरा दोन मिनिटांत घोरायला लागला. मी मोबाईलच्या उजेडात डब्यातलं शेवटचं थालीपीठ लोणच्याशी खाल्लं. सकाळी विचारेल तेव्हा बघू.