कारवारच्या देवगड बेटावरची बत्ती

‘बेळगाव, कारवार, निपाणी’ ही घोषणा ऐकतच आमची पिढी मोठी झाली. त्यातलं कारवार मला जवळचं झालं ते ताई सदाशिवगडला नांदायला गेल्यावर. पौष पौर्णिमेला तिथल्या कूर्मगड बेटावर नरसिंहाची जत्रा भरते. तिला होडीतून निघालो की पलीकडच्या देवगड बेटाच्या माथ्यावर पांढरा मनोरा दिसतो. (सिंधुदुर्गातलं देवगड वेगळं, तिथलं दीपगृहही वेगळं.) नकाशावर देवगड बेटाला ऑयस्टर रॉक्स म्हणतात. मी बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत लेथवर काम करणारा माणूस. यंत्र दिसलं की ते चालतं कसं हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. ताईच्या सासऱ्यांनी तर दीपगृह खात्यातच नोकरी केलेली, त्यामुळे विचारायला माणूस घरातच मिळाला.

हा दिवा पेटला १८६४ साली. ते साल का, हे कळायला कापसाकडे बघावं लागतं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्या धारवाड-हुबळीच्या कापसाकडे वळल्या. तो माल बोटीवर चढवायला जवळचं चांगलं बंदर म्हणजे कारवार. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून काढून मुंबई इलाख्याला जोडला, बंदर वाढवायला घेतलं आणि लगोलग बेटावर बत्ती उभी राहिली. 

कारवारला रेल्वे येणार, अशी आशा तेव्हा सगळ्यांना होती. आली नाही. १८८० च्या दशकाअखेरीस गाडी आमच्या खानापूर तालुक्यातल्या लोंढ्यावरून कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्यातल्या मुरगाव बंदराला गेली आणि मालही तिकडेच वळला. लोंढा स्टेशनाचा मला लहानपणापासून अभिमान. त्याच मार्गामुळे कारवारचं बंदर मागे पडलं हे कळल्यावर वाईट वाटलं. व्यापार उतरला, पण बत्ती कुणी विझवली नाही.

दिवा टेकडीच्या माथ्यावर का, याचं उत्तर साध्या गणितात आहे. पृथ्वी गोल, म्हणून उजेड कितीही प्रखर असला तरी क्षितिजाखाली उतरलेल्या माणसाला तो दिसत नाही. हा दिवा समुद्रापासून सुमारे २०० फूट उंच. एवढ्या उंचीवरून क्षितिज साधारण २७-२८ किलोमीटरवर पडतं. बोटीच्या डेकची उंची धरली तर पल्ला आणखी वाढतो.

उरलेलं काम भिंगाचं. फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने १८२० च्या दशकात जाडजूड भिंगाऐवजी काचेच्या लोलकांची कडी एकाभोवती एक रचली. चहूकडे पसरणारा उजेड त्यामुळे एका आडव्या पट्ट्यात येतो. पहिल्या दर्जाच्या, म्हणजे आकाराने खूप मोठ्या, भिंगात मधल्या ज्योतीपासून काचेपर्यंत ९२० मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे आत माणूस आरामात उभा राहतो. फिरत्या दिव्यांत असं काही टनांचं भिंग पुढे पाऱ्याच्या कुंडावर तरंगवू लागले. बोटाने ढकललं तरी फिरतं! आम्ही बेअरिंगमधला एक शतांश मिलिमीटर घालवायला दिवस घालवतो, त्यामुळे त्या कारागिरांना माझा दंडवत. मात्र पाऱ्याची वाफ विषारी, आणि तिच्या शेजारी माणसं रात्ररात्र बसत.

ताईच्या सासऱ्यांना, म्हणजे काकांना, मी विचारलं, ‘‘काका, दिवा लावायचा म्हणजे नेमकं काय काय करायचं?’’ तर ते उठून हातवारे करूनच सांगायला लागले. घासलेटाच्या टाकीत पंपाने हवा भरायची. स्पिरिटच्या ज्योतीवर बर्नर तापवायचा. तो पुरता तापल्याशिवाय घासलेट सोडायचं नाही, नाहीतर भडका उडतो आणि काचेवर काजळी धरते. तापला की घासलेटाची वाफ होते आणि मेंटल, म्हणजे बर्नरवरची जाळीची पिशवी, पांढरंशुभ्र पेटतं, आपल्या गणपतीतल्या पेट्रोमॅक्ससारखंच, फक्त कितीतरी मोठं. मेंटल एकदा जळलं की नुसती राख. बोट लागलं की संपलं. रात्री नळीच्या तोंडाशी कार्बन साचला की बारीक तारेने साफ करायचं. ‘‘आणि उजाडलं की पडदे ओढायचे रे. नाहीतर सूर्य त्याच भिंगातून आत येतो आणि आतलं सगळं जाळतो,’’ काका म्हणाले. हे मला कधीच सुचलं नसतं. पावसाळ्यात बेटाला होडी लागायची नाही. तेवढ्या दिवसांचा शिधा आधीच भरून ठेवायचा.

मग वीज आली, सौर पॅनेल आली, एलईडी आले. एलईडीला फिरवायची गरजच नाही. ठरलेल्या लयीत तो आपोआप उघडझाप करतो आणि त्या लयीवरून खलाशी कुठला दिवा ते ओळखतो. सोबत रेकॉन आला. बोटीच्या रडारची लहर पोचली की तो उलट उत्तर पाठवतो आणि पडद्यावर खूण उमटते. १९२७ चा दीपगृह कायदाही गेला आणि २०२१ मध्ये सागरी साहाय्य साधनांचा नवा कायदा आला, कारण आता ही साधनं दिव्यापुरती उरलेली नाहीत.

हे बदल मला मनापासून पटतात. एका माणसाच्या जागरणावर शेकडो जीव सोपवू नयेत. पण ‘आता जीपीएस आहे, दिवे कशाला?’ असं कोणी म्हटलं की मी भांडतो. उपग्रहाचा सिग्नल जाम करता येतो, खोटाही पाठवता येतो. डोळ्यांनी दिसणाऱ्या दिव्याला बॅटरी संपलेला मोबाईल धरलेला मच्छीमारही ओळखतो.

माझं मागणं एवढंच, की जिथे जिथे जुनं भिंग, जुना बर्नर, वजनावर चालणारं फिरकीचं यंत्र उरलंय, तिथे ते काचेच्या पेटीत बंद न करता चालतं ठेवावं. पारा काढून बेअरिंग बसवता येईल. आयटीआयच्या पोरांना त्यावर शिकवता येईल. बुश, पिनियनसारखे सुटे भाग लागले तर आमच्या उद्यमबागेत होतील, मी स्वतः करून देईन. आणि ज्यांनी हे हाताने चालवलं त्यांचं सांगणं आताच उतरवून घ्यायला हवं. मी वही घातली आहे. काकांकडून पंपाच्या वॉशरचं विचारायचं राहिलंय: चामडं कुठलं वापरायचे, आणि ते मऊ राहायला तेल कुठलं लावायचे.