सर्व्हर मुंबईत, मी सांगलीत

मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्यांचं बिलांचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, मी विश्रामबागेत. एकदा सहज ऑथ लॉग (लॉगिनच्या प्रयत्नांची नोंद) उघडला तर 'फेल्ड पासवर्ड फॉर रूट', म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड चुकला, या ओळी संपता संपेनात. जगभरातली यंत्रं माझं दार ठोठावत होती. पासवर्डने लॉगिन बंद करायचं तेव्हाच ठरवलं.

पासवर्डऐवजी वापरायची ईडी२५५१९ प्रकारची की, म्हणजे डिजिटल किल्ली, बनवली, सर्व्हरवर चढवली, तरी तो पासवर्डच मागत राहिला. दोन तास गेले. कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये होतं: माझ्या होम फोल्डरची परमिशन ७७५ होती, म्हणजे माझ्यासोबत ग्रुपलाही तिथे लिहिता येत होतं. तसं असेल तर एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून देणारी सेवा, कीवर विश्वासच ठेवत नाही. ७५५ करून ग्रुपचा तो हक्क काढला आणि लगेच आत गेलो. की चालते याची खात्री झाल्यावरच पासवर्ड बंद केला.

कोडसाठी सर्व्हरवर गिटची (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) बेअर रिपॉझिटरी, म्हणजे फक्त इतिहासाचा साठा, आणि कोड पोचताच आपोआप चालणारी स्क्रिप्ट, म्हणजे पोस्ट-रिसीव्ह हूक, लावला. आता पुश केलं, म्हणजे कोड तिकडे पाठवला, की तो आपोआप जागेवर जातो, बिघडलं तर रिव्हर्ट करून (तो बदल उलटवून) पुन्हा पुश. हे काम सोपं गेलं.

फायरवॉल मात्र महागात पडली. रात्री यूएफडब्ल्यू ही लिनक्सची फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारी भिंत) चालू केली, पण २२ (एसएसएचचं) आणि ४४३ (वेबसाइटचं) ही पोर्ट, म्हणजे आत यायची दारं, आधी उघडायची राहिली. सुरू असलेलं सेशन तुटलं नाही, त्यामुळे काही कळलं नाही. बाहेर पडलो, झोपलो. सकाळी त्या व्यापारी काकांचा फोन, "अरे, बिल निघंना झालंय बघ. गाडी भरून उभी हाय."

पोटात गोळा आला. पिंगला (मशीनला मारलेल्या हाकेला) उत्तर येत होतं, म्हणजे मशीन जिवंत. एसएसएच मात्र 'टाइमआउट' दाखवत होतं. 'रिफ्यूज्ड' आलं असतं तर सेवा बंद पडली असं धरलं असतं. पॅकेट मध्येच गडप होतायत म्हणजे फायरवॉल, हे त्यावरून उमगलं. होस्टिंगवाल्यांच्या वेब कन्सोलमधून, म्हणजे ब्राउझरमधून थेट मशीनच्या पडद्यावर, रूटने आत शिरलो, दोन्ही पोर्ट उघडली. काकांना फोन करेपर्यंत त्यांचं बिल निघालंही होतं. त्यांची माफी मागितली.

त्याच दिवशी एटीसीकीपर बसवलं. ते सेटिंग्जच्या फायलींचं एटीसी (/etc) फोल्डरच गिटमध्ये ठेवतं, त्यामुळे फायरवॉलचा कुठला नियम कधी बदलला ते डिफमध्ये, म्हणजे आधी-नंतरच्या फरकात, दिसतं. त्यात पासवर्डचे हॅशही (सांकेतिक ठसे) असतात, म्हणून ही रिपॉझिटरी मी कुठेही पुश करत नाही.

आणि फायरवॉलला हात लावायच्या आधी ठरल्या वेळी काम करणाऱ्या 'ॲट' कमांडने पाच मिनिटांनी यूएफडब्ल्यू बंद होईल असं काम लावून ठेवतो. दुसऱ्या टर्मिनलमधून नव्याने लॉगिन झालं, बिलाचं पानही उघडलं, की मगच ते काम काढून टाकतो.