तुम्ही विचारलंत म्हणून : एकाच रंगाच्या डेकसमोर काय बांधावे?

जून लागला, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारून झाल्या, की आमच्या ओटीवर मोबाइल घेऊन बसणाऱ्या मुलांची संख्या वाढते. मी एका काजू कारखान्यात हिशेब लिहिते आणि गेली अनेक वर्षे फावल्या वेळात मोबाइलवरचे पत्त्यांचे खेळ खेळते, हे आळीत सर्वांना ठाऊक असल्यामुळे मला एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारला जातो. समोरचा खेळाडू, मग तो माणूस असो वा संगणक, एकाच थीमचा डेक, म्हणजे खेळण्यासाठी निवडलेला पत्त्यांचा संच, घेऊन बसला असेल, म्हणजे सगळे पत्ते विजेचे, सगळे आगीचे, सगळे कोळ्यांचे, तर त्याला हरवणारा डेक कसा बांधायचा? माझा भाचा हाच प्रश्न आमच्या भाषेत विचारतो : "आत्ये, ह्या पिकाचूक हरवूचा कसा गे?"

त्याला जे सांगितले तेच येथे सविस्तर लिहिते. समोरच्या डेकचे वर्णन आधी एका वाक्यात कागदावर लिहावे आणि त्या वाक्यात "त्यासाठी त्याला अमुक लागते" हे शब्द आलेच पाहिजेत असा नियम स्वतःला घालून घ्यावा. "हा विजेचा डेक आहे" या वाक्याचा उपयोग नाही. "हा डेक मागची रांग विजेच्या पत्त्यांनी भरतो आणि त्या रांगेच्या जोरावर मारतो, त्यासाठी त्याला भरलेली रांग लागते" हे वाक्य उपयोगाचे आहे, कारण आपला डेक कुठे लागू पडायला हवा हे त्यातून कळते. थीम म्हणजे एका गोष्टीवर टाकलेला सगळा भार. तो भार ज्या खांबावर आहे तो खांब शोधणे हे डेक बांधणाऱ्याचे पहिले काम होय, आणि बहुतेक मुले हे काम न करताच पत्ते निवडू लागतात.

पिकाचूचेच उदाहरण घेऊ, कारण त्यात आकडे स्वच्छ आहेत. 'पोकेमॉन टीसीजी पॉकेट' हा खेळ ३० ऑक्टोबर २०२४ रोजी आला. त्यात डेक २० पत्त्यांचा असतो, एका नावाचे जास्तीत जास्त दोन पत्ते घेता येतात, लढणाऱ्या प्राण्यांपैकी, म्हणजे पोकेमॉनपैकी, एक पुढे असतो, मागे बाकावर तीनच बसतात आणि जो आधी तीन गुण मिळवतो तो जिंकतो. साधा पोकेमॉन पाडला तर एक गुण आणि ईएक्स, म्हणजे जास्त ताकदीचा, पाडला तर दोन. विजेच्या पिकाचू ईएक्सचे एचपी, म्हणजे पडण्याआधी तो सोसू शकतो तो मारा, १२०. मारण्यासाठी पोकेमॉनला ऊर्जा जोडावी लागते; दोन वीज-ऊर्जांवर तो बाकावरच्या प्रत्येक विजेच्या पोकेमॉनमागे ३० असा मारा करतो, म्हणजे बाक भरलेला असेल तर ९०. खेळाच्या सुरुवातीलाच दोन ऊर्जांत ९० हा मारा फार मोठा आहे, आणि म्हणूनच मुले त्याला घाबरतात.

त्यावर ठरीव उत्तर असे की पिकाचूची कमजोरी लढाऊ प्रकार आहे, तेव्हा लढाऊ पोकेमॉन घ्यावेत. हे खरे आहे, पण अपुरे आहे. कागदी पत्त्यांत कमजोरीमुळे मारा दुप्पट होतो, या खेळात मात्र फक्त २० वाढतात. शिवाय पिकाचूच्या शेजारी बहुधा झॅपडॉस ईएक्स असतो, तोही विजेचाच, पण त्याची कमजोरी लढाऊ प्रकार नसून वीज आहे. म्हणजे थीम एक असली तरी तिच्यातल्या सगळ्यांचे मर्म एकाच जागी नसते. जो केवळ रंग पाहून उतारा निवडतो तो झॅपडॉस पुढे आला की थबकतो.

आता खांबाकडे पाहू. पिकाचूचा मारा बाकावर उभा आहे. बाकावरचा एक पोकेमॉन पडला की ९० चे ६० होतात. आपल्या बाजूने दोन लढाऊ पोकेमॉन घेऊ, मारोवाक ईएक्स आणि हिटमनली. मारोवाक ईएक्सचे एचपी १४०. ९० च्या माऱ्याने तो दुसऱ्या फटक्याला पडतो, पण ६० च्या माऱ्याने दोन फटक्यांनंतरही २० शिल्लक राखून उभा राहतो. हिटमनलीचे एचपी ८०. तो ९० ने एका फटक्यात जातो, ६० ने जात नाही. बाकावरचा एकच पोकेमॉन उडवल्याने आपल्या दोन्ही पत्त्यांना एकेक फेरी जास्त मिळते. आणि हिटमनलीचे काम नेमके हेच आहे : एका ऊर्जेवर तो समोरच्याच्या बाकावरील कोणत्याही पोकेमॉनला ३० चा फटका देतो. ६० एचपीचा व्होल्टॉर्ब, विजेचा एक लहान पोकेमॉन, दोन लाथांत जातो. समोरचा तिथे दुसरा बसवील हे खरे, पण २० पत्त्यांच्या डेकमध्ये विजेचे लहान पोकेमॉन किती असणार? शिवाय पडलेल्या व्होल्टॉर्बचा एक गुण आपल्या खात्यात जमा झालेला असतो.

येथे थोडे थांबून एक हिशेब करते, कारण मला स्वतःला तो सापडला तेव्हा मनापासून आनंद झाला होता. मारोवाक दोन नाणी उडवतो आणि प्रत्येक छाप्यामागे ८० मारतो. एकच छापा पडला तर ८०, त्यात कमजोरीचे २० मिळवले की १००, आणि पिकाचूचे एचपी १२०. जिओव्हानीचा पत्ता खेळून १० वाढवले तरी ११०. नेमके दहा कमी पडतात! म्हणजे सरळ लढतीत पिकाचू एका फटक्यात पाडायला दोन्ही छापे पडावे लागतात आणि ती शक्यता २५ टक्के आहे. पण पिकाचू बाकावर बसून ऊर्जा गोळा करत असताना हिटमनलीने त्याला एक लाथ दिली असेल, तर ३० आणि १०० मिळून १३० होतात आणि दोनांपैकी एक छापा पुरतो. ती शक्यता ७५ टक्के. हिटमनलीसारख्या स्वस्त पत्त्याची एक लाथ पंचवीसाचे पंचाहत्तर करते. एक पिकाचू आणि एक व्होल्टॉर्ब मिळून तीन गुण होतात आणि डाव तिथेच संपतो, झॅपडॉसला हात लावावाच लागत नाही.

म्हणून या डेकमध्ये दोन क्यूबोन (मारोवाक यांच्यातूनच होतो), दोन मारोवाक ईएक्स आणि दोन हिटमनली हा गाभा मी ठेवते. उरलेल्या जागांत पत्ते ओढून देणारे प्रोफेसर्स रिसर्च आणि पोके बॉल प्रत्येकी दोन असलेच पाहिजेत. बाकीचे ज्याने त्याने आपल्याकडे असतील त्यातून भरावे. सब्रिना या पत्त्याबद्दल एवढेच सांगते की ती समोरच्याला पुढचा पोकेमॉन मागे घ्यायला लावते, पण त्याच्या जागी कोण येणार हे समोरचाच ठरवतो. मुले हे विसरतात आणि मग खेळाला दोष देतात.

माझी स्वतःची मोठी चूक वेगळीच होती. सुरुवातीला मला वाटे की उतारा जितका रुंद तितका चांगला, म्हणून मी विजेसाठी लढाऊ आणि पाण्यासाठी विजेचे असे दोन प्रकार एकाच डेकमध्ये भरले. या खेळात दर फेरीला एकच ऊर्जा मिळते, आणि डेकला दोन प्रकार नेमले असतील तर कोणती येईल ते नशिबावर असते. मारोवाकला दोन लढाऊ ऊर्जा लागतात. पहिल्या दोन्ही ऊर्जा लढाऊच येण्याची शक्यता दोन प्रकारांच्या डेकमध्ये २५ टक्केच उरते, एका प्रकाराच्या डेकमध्ये ती १०० टक्के असते. मी तो अख्खा पावसाळा हरत होते आणि पत्ते वाईट येतात असे समजत होते. थीम असलेल्या डेकचे खरे बळ म्हणजे त्याची एकवाक्यता, आणि ती मोडायला निघालेली मी स्वतःचीच मोडून बसले होते.

आजी मेंढीकोट खेळायची तेव्हा समोरच्या जोडीकडे हुकूम जास्त आहेत असा तिला संशय आला, की ती दहश्शा हातात दाबून ठेवायची आणि आधी अशा उताऱ्या करायची, की त्यांना फुटकळ हातांवर हुकूम मारावे लागत. हुकूम संपले की तिचे दहश्शे सुखरूप घरी येत. तिने हुकमाशी कधी हुकमाने झुंज दिली नाही. समोरच्याचे बळ कुठे खर्च होऊ द्यायचे ते ती ठरवत असे.

काही वेळा तर खांब पाडावाही लागत नाही, त्याचाच आधार घेता येतो. 'हर्थस्टोन' या २०१४ सालच्या खेळात त्याच वर्षी नॅक्सरामसची एकट्याने खेळायची मोहीम आली. तिच्यातली मॅक्सना ही कोळीण आपल्या खास शक्तीने तुमचा पटावरचा सैनिक परत तुमच्या हातात पाठवते, साध्या पातळीवर एक आणि कठीण पातळीवर दोन, तेही फुकट. महागडे, धिप्पाड सैनिक घेऊन गेलेला खेळाडू येथे रडकुंडीला येतो, कारण आठ माना (पत्ते खेळण्यासाठी खर्च करायची शक्ती) मोजून उतरवलेला राक्षस पुढच्या फेरीत पुन्हा हातात असतो. आता वर सांगितलेले वाक्य लिहून पाहा : "ही सैनिक परत पाठवते, त्यासाठी तिला असे सैनिक लागतात ज्यांचे परत जाणे तुम्हाला महाग पडेल." ज्यांचे परत येणे आपल्याला हवेच आहे असे सैनिक नेले तर? बॅटलक्राय असलेला सैनिक हातातून खेळताक्षणी आपला परिणाम करतो, आणि हातात परतला की तो परिणाम पुन्हा मिळतो. चार्ज असलेला सैनिक उतरताक्षणी मारतो, त्याला पटावर टिकायची गरजच नसते. असे स्वस्त सैनिक भरले की कोळीण स्वतःच तुम्हाला दर फेरीला पत्ते पुरवू लागते. मला ही लढत फार आवडते, कारण तिच्यात समोरच्याचा एकही पत्ता न अडवता डाव फिरतो.

आता दुसऱ्या टोकाची चूक. उतारा सापडला की मुले त्याचा एकच पत्ता डेकमध्ये टाकतात आणि निर्धास्त होतात. हर्थस्टोनमध्ये डेक ३० पत्त्यांचा असतो. पहिली पाळी असणाऱ्याला सुरुवातीला तीन पत्ते मिळतात आणि मग दर फेरीला एक, म्हणजे पाचव्या फेरीपर्यंत आठ. तुमचा एकुलता एक उतारा त्या आठांत असण्याची शक्यता ३० पैकी ८, म्हणजे सुमारे २७ टक्के. दोन प्रती ठेवल्या तर ती सुमारे ४७ टक्के होते. सुरुवातीला नको ते पत्ते बदलून घेता येतात म्हणून आकडा काहीसा वाढतो, तरीही चारांतल्या एका डावात येणाऱ्या पत्त्याला बेत म्हणता येत नाही. बेत डेकच्या गाभ्यात असावा लागतो, आणि सुटा उतारा घ्यायचाच असेल तर तो अंगाने मजबूत घ्यावा. शस्त्र मोडणारा ॲसिडिक स्वॅम्प ऊझ मी नेहमी सुचवते, कारण समोर शस्त्र नसले तरी दोन मानांत तीन मारणारा सैनिक हाती उरतोच. याउलट १९९३ साली आलेल्या 'मॅजिक'मध्ये सर्कल ऑफ प्रोटेक्शन नावाचे पत्ते होते, प्रत्येक एका रंगापासून वाचवणारा. समोर लाल असेल तर लाल रंगाचे वर्तुळ अमृत, समोर निळा असेल तर हातातली एक जागा वाया. त्या खेळात तीन डावांच्या सामन्यात १५ जादा पत्ते बाजूला ठेवून पहिल्या डावानंतर अदलाबदल करता येते, म्हणून असे पत्ते तिथे शोभतात. मोबाइलवर जिथे एकाच डावात निकाल लागतो तिथे ते घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

संगणकाविरुद्ध मात्र हा नियम सैल करायला हरकत नाही. त्याचा डेक ठरलेला असतो, तो उद्या बदलणार नसतो, आणि एकदा हरून त्याचे सगळे पत्ते वहीत उतरवून घेता येतात. मी भाच्याला पहिला डाव मुद्दाम हरायला लावते. त्या डावात जिंकायचे नाही, फक्त समोरून कोणता पत्ता कितव्या फेरीला आला ते लिहायचे.

परवा तो पुन्हा आला. पिकाचू आता त्याला छळत नाही, आता म्यूटू ईएक्स छळतो. मी त्याला वाक्य लिहायला सांगितले. बराच वेळ पेन्सिल चावून त्याने लिहिले की म्यूटू १५० मारतो, पण मारताना दोन ऊर्जा टाकून देतो, त्यासाठी त्याला ऊर्जा भरून देणारा गार्डेव्हॉर लागतो, आणि गार्डेव्हॉर होण्याआधी तो राल्ट्स असतो, ६० एचपीचा. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेलेली होती, आणि तो वहीवर वाकून हिटमनलीच्या दोन लाथा मोजत होता. मी आठवण करून दिली की म्यूटू मानसिक प्रकारचा आहे आणि हिटमनलीची कमजोरी तोच प्रकार आहे, तेव्हा म्यूटूचा पहिला, ५० चा मारा त्याला ७० पडेल. त्याने वजाबाकी केली आणि मान वर केली.

"धा उरतत, आत्ये."

"आणि त्याच्या हातात जिओव्हानी असला तर?"

तो पुन्हा वहीवर वाकला.